लांजा ते टिळक मार्ग: कूळ-दाव्याची फाइल सुप्रीम कोर्टात जाते कशी

हायकोर्टात निकाल विरुद्ध गेला की वाडीतून पहिला प्रश्न येतो, "आता दिल्लीला कधी जायचं?" कुळाची, वाटपाची, बागेच्या वहिवाटीची प्रकरणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातून दिल्लीला धाडताना हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर पाठ झालंय. माणसाने जायची गरज बहुतेकदा नसते. जायचे असतात ते कागद. नव्या प्रकरणाला सुप्रीम कोर्टात न्यायाधीशांसमोर दोन-चार मिनिटं मिळतात. त्याआधीचे तीन महिने तलाठ्याचं कार्यालय, झेरॉक्सचं दुकान आणि नोटरीचं टेबल यांच्यात जातात. प्रकरण सुधारतं किंवा बिघडतं ते सहसा तिथेच.

कूळकायद्याचं प्रकरण तहसीलदारांकडून सुरू होतं, प्रांतांकडे अपिलात जातं, तिथून महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणात, आणि मग घटनेच्या कलम २२७ खाली हायकोर्टात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली, त्यामुळे नकलेसाठी मुंबईची रातराणी पकडण्याऐवजी आता आंबा घाट चढायचा. रायगडवाल्यांना मात्र मुंबईच. कलम २२७ खाली एकल न्यायाधीशांनी निकाल दिला की हायकोर्टातच दोन न्यायाधीशांपुढे अपील करता येत नाही. पुढची पायरी थेट सुप्रीम कोर्ट, कलम १३६ खाली विशेष अनुमती याचिका. सगळे तिला 'एसएलपी' म्हणतात. नाव नीट वाचलं तर अर्धा गैरसमज दूर होतो. ही याचिका म्हणजे अपील नव्हे, अपील करू द्या अशी विनंती आहे. कोर्ट ती कारण न देताही नाकारू शकतं.

मुदत ९० दिवस, निकालाच्या तारखेपासून. नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस त्यातून वजा होतात. पण अर्जच चाळीसाव्या दिवशी दिला तर आधीचे चाळीस दिवस आपल्याच खाती. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी, पुढे जायचं की नाही हे ठरलं नसलं तरी, प्रमाणित नकलेचा अर्ज टाकून ठेवावा. तयार झालेली नक्कल दोन महिन्यांनी उचलली तर ते दोन महिने वजा होत नाहीत. मोजदाद 'नक्कल तयार' या तारखेपर्यंतच चालते. हायकोर्टाच्या वेबसाइटवरची प्रत जोडूनही याचिका दाखल करता येते, सोबत प्रमाणित प्रतीतून सूट मागणारा अर्ज लागतो.

उशीर झालाच तर माफीचा अर्ज करावा लागतो आणि त्यात दिवसांचा हिशेब द्यावा लागतो. आमच्याकडे याची कारणं ठरलेली: गणपती, शिमगा, आंब्याचा हंगाम, आणि 'मुंबईकर भाऊ सह्या करायला आले नाहीत'. चारही खरी आहेत, पण कोर्टात चारही चालत नाहीत. दवाखान्याचे कागद, नकलेला लागलेला वेळ, वकिलांकडून फाइल परत मिळाल्याची तारीख, असं कागदाने दाखवता येणारं कारण असेल तरच लिहावं.

पुढे जाण्यात अर्थ आहे का, हे तपासायची एक साधी खूण आहे. तहसीलदार, प्रांत, न्यायाधिकरण आणि हायकोर्ट या चौघांनीही 'हा माणूस कूळ नाही' असंच म्हटलं असेल, तर दिल्लीत ती भिंत ओलांडणं फार अवघड. साक्षी-पुरावे पुन्हा तोलायला ते कोर्ट बसलेलं नाही. पण खालच्या तिघांनी कूळ मानलं आणि हायकोर्टाने पुरावा नव्याने तोलून ते फिरवलं, तर मुद्दा तयार आहे: कलम २२७ ची सत्ता देखरेखीची असते, अपिलाची नसते. हा फरक आमच्या भागातल्या पुष्कळ प्रकरणांत कामी येण्यासारखा असतो, आणि याचिकेच्या पहिल्या दोन पानांत तो दिसला नाही तर पुढची तीनशे पानं कुणी उघडेलच असं नाही.

वकील कोण, हा पुढचा प्रश्न. सुप्रीम कोर्टात पक्षकारातर्फे याचिका दाखल करायचा अधिकार फक्त 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड' या वर्गातल्या वकिलांना आहे. त्यासाठी ते कोर्टाची वेगळी परीक्षा देतात, त्यांचं ऑफिस दिल्लीत कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत असावं लागतं आणि नोंदणीकृत कारकून ठेवावा लागतो. रत्नागिरीचे किंवा कोल्हापूरचे आपले वकील तिथे बाजू मांडू शकतात, पण दाखल करणारी सही आणि जबाबदारी ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डची. फी ठरवताना मसुदा, दाखल करणं, भाषांतर आणि दर तारखेची हजेरी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. 'सगळं मिळून इतके' असा तोंडी सौदा झाला की भांडण भाषांतराच्या बिलावर होतं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्ट विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी वार्षिक ५ लाख रुपयांची मर्यादा आहे. पण तिथेही कागद आपणच पूर्ण करून द्यायचे असतात, आणि मुदतीचं घड्याळ थांबत नाही.

आता मुख्य काम: भाषांतर.

घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे सुप्रीम कोर्टाचं कामकाज इंग्रजीत. आपली फाइल मात्र नखशिखान्त मराठी: सातबारा, फेरफार, तहसीलदारांपुढचे जबाब, पंचनामे, खंडाच्या पावत्या. जुनी खरेदीखतं मोडीत असली तर आधी देवनागरीत लिप्यंतर आणि मग इंग्रजी, असे दोन फेरे. मोडी वाचणारा जाणकार शोधण्यात पंधरा दिवस जातात, तेव्हा हा कागद सगळ्यात आधी बाहेर काढावा. अधिकृत भाषांतर वेळेत होत नाही, म्हणून खासगी भाषांतर लावून 'अधिकृत भाषांतरातून सूट द्यावी' असा अर्ज सोबत जोडायची पद्धत आहे.

भाषांतरात काय बिघडतं? सगळ्यात आधी शब्द. 'वरकस' म्हणजे पडीक नव्हे. तिथे नाचणी-वरी होते, गवत कापतात, भाताच्या रोपवाटिकेच्या राबासाठी टहाळ तोडतात. दिल्लीतल्या भाषांतरकाराने ती 'ओसाड जमीन' करून टाकली की कुळाची अर्धी केस तिथेच संपते. ओसाड जमीन कसणार कोण? 'खाजण' म्हणजे दलदल नव्हे, खाडीला बांध घालून कसलेली जमीन. 'खोत' म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वंशपरंपरेचा हक्कदार; तो जमीनदार नव्हे आणि नुसता वसुली कारकूनही नव्हे. 'अर्धेली'ने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, लावलेली जमीन म्हणजे भागीदारीचा धंदा नव्हे. आमचा रिवाज असा: हे शब्द इंग्रजी मजकुरातही जसेच्या तसे ठेवायचे, पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत अर्थ द्यायचा आणि शेवटपर्यंत तोच शब्द चालवायचा. एकाच फाइलीत 'कूळ' तीन वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांनी आला तर समोरचा वकील तिन्ही शब्दांचे तीन अर्थ काढतो, आणि तो चुकत नाही.

मग आकडे. देवनागरी १ आणि ९ पुसट झेरॉक्सवर सारखेच दिसतात. सर्व्हे नंबर ९१, हिस्सा १९ असला की भाषांतरकाराच्या हातून काहीही होऊ शकतं. क्षेत्र जुन्या कागदात एकर-गुंठ्यांत, नव्यात हेक्टर-आरमध्ये. ४० गुंठ्यांचा एकर, आणि गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, आरपेक्षा किंचित मोठा. भाषांतरात मूळ कागदावरचंच माप ठेवावं. स्वतः रूपांतर करायला जाऊ नये, दोन कागदांत दोन गुंठ्यांचा फरक पडला की तो 'विसंगती' म्हणून फिरतो. जुन्या सातबाऱ्याच्या पीकपाहणीतला 'रीत' हा रकाना बहुतेक भाषांतरकार गाळतात, कारण तिथे नुसता एक आकडा असतो. कूळ-दाव्यात जमीन कोण कोणत्या नात्याने कसतं हे त्या आकड्यावरूनच कळतं. तो रकाना आणि त्याचा अर्थ, दोन्ही गेलेच पाहिजेत.

भाषांतर आलं की ते मूळ कागदासमोर धरून दोघांनी वाचावं, एकाने मराठी, दुसऱ्याने इंग्रजी. शंभर पानांना एक पूर्ण दिवस जातो. गेला तर जाऊ द्यावा.

तारखांची यादी हा याचिकेतला सगळ्यात जास्त वाचला जाणारा भाग. कूळ-दाव्यात तिची सुरुवात बहुधा १ एप्रिल १९५७ पासून करावी लागते, कारण १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे त्या कृषकदिनी कसणारं कूळ जमिनीचा मालक मानलं गेलं. गाव खोतीचं असेल तर १९४९ च्या खोती नष्ट करण्याच्या कायद्यापासून मागे जावं लागतं. प्रत्येक तारखेपुढे एकच घटना आणि ती कोणत्या परिशिष्टात आहे ते लिहायचं. आजोबांनी बांध कसा घातला हे इथे येत नाही. नवीन कागदही येत नाही: माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आत्ता सापडलेली खंडाची पावती कितीही मोलाची असो, ती खालच्या कोर्टांपुढे नव्हती. ती लावायची तर वेगळा अर्ज आणि 'इतकी वर्षं का दिली नाही' याचं पटेल असं उत्तर लागतं.

पक्षकारांची यादी हे कोकणातलं खास दुखणं. एका सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली पंचवीस मुंबईत, सहा वारलेली, चार सासरच्या आडनावाने. हायकोर्टात जे जे पक्षकार होते ते सगळे सुप्रीम कोर्टातही दाखवावे लागतात, तिथे कोण होते आणि इथे कोण आहेत हे शेजारी लिहून. भावकीतला जो सही द्यायला तयार नाही त्याच्या मागे धावण्यात मुदत घालवू नये. त्याला नाममात्र प्रतिवादी करता येतं. वकिली भाषेत 'प्रोफॉर्मा'. नाव हायकोर्टाच्या निकालावर जसं छापलंय तसंच लिहावं, आधार कार्डावर वेगळं असेल तर 'उर्फ' लावून दोन्ही. पत्ता म्हणजे वाडी, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. 'मु. पो. लांजा' एवढ्यावर नोटीस परत येते, कारण पोस्टमनला वाडी कळत नाही आणि त्या आडनावाची तिथे शंभर घरं असतात.

वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्र इथेच तालुक्याला होतं. प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करायचं; याचिका इंग्रजीत असल्यामुळे 'मजकूर मराठीत समजावून सांगितला' हे त्यात हवं. अंगठा असेल तर तो साक्षांकित हवा. नोटरीचा शिक्का, नोंदवहीचा क्रमांक आणि तारीख तिन्ही पाहून मगच उठावं. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर आधीच सह्या घेऊन ठेवणं: याचिकेचा मसुदा २० तारखेचा आणि शपथ १२ तारखेची. आठ दिवसांनी लिहिलेला मजकूर खरा असल्याची शपथ कुणी कशी घेतली, हे रजिस्ट्री, म्हणजे कोर्टाचं निबंधक कार्यालय, विचारते, आणि कागद पुन्हा लांज्याला येतो. मूळ सह्यांचे कागद कुरिअरने जातात. जुलैत पाठवायचे तर आत प्लास्टिकची पिशवी घालावी.

छपाईचे नियम ठरलेले आहेत: ए-फोर आकाराचा ७५ जीएसएमचा कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, टाइम्स न्यू रोमन १४, ओळींत दीडपट अंतर, डावीउजवीकडे ४ सेंटिमीटर आणि वरखाली २ सेंटिमीटर समास. हे दिल्लीचं ऑफिस सांभाळतं. आपण सांभाळायचं ते मूळ कागदाचं स्कॅन. मोबाइलवर काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो पाठवले की 'अस्पष्ट पान' हा दोष लागतो आणि त्या पानाची टंकलिखित प्रत मागतात. १९६० च्या दशकातल्या फिकट फेरफाराची टंकलिखित प्रत आधीच करून मूळ पानासोबत लावलेली बरी.

दाखल झाल्यावर लगेच डायरी नंबर, म्हणजे नुसता आवक नोंदीचा क्रमांक, मिळतो. तो मिळाला म्हणजे केस 'लागली' असं समजून वाडीत पेढे वाटतात. घाई करू नये. आता रजिस्ट्रीचे तपासनीस पान न पान चाळतात आणि दोषांची यादी काढतात. मराठी पान भाषांतराविना राहिलं, पानांचे क्रमांक चुकले, मयताचे वारस दाखवले नाहीत, परिशिष्टाचा उल्लेख एका नावाने आणि शीर्षक दुसऱ्या नावाने, अशी ती यादी असते. दोष निघणं नेहमीचंच आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ते दुरुस्त करायला २८ दिवस असतात. ते उलटले तर फेरदाखल करायला उशीर झाल्याच्या माफीचा आणखी एक अर्ज. डायरी नंबरवरून कोर्टाच्या वेबसाइटवर प्रकरणाची स्थिती कुणालाही घरबसल्या बघता येते. दर आठवड्याला बघावी आणि दोष दिसले की वकिलांच्या फोनची वाट न पाहता आपणच फोन करावा.

विरुद्ध पक्षाने आधीच कॅव्हेट ('आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज) टाकलं असेल तर त्याच्या वकिलाला याचिकेची प्रत द्यावी लागते आणि पहिल्याच तारखेला तो समोर उभा असतो. आपण जिंकलेल्या बाजूला असलो तर हेच आपण करायचं, निकालानंतर लगेच.

दोष दुरुस्त झाले की याचिकेला खरा क्रमांक मिळतो आणि ती यादीवर येते. नवी प्रकरणं मुख्यतः सोमवारी आणि शुक्रवारी लागतात, साधारण दोन न्यायाधीशांपुढे. कामकाज साडेदहाला सुरू होतं. एकेका बेंचपुढे पन्नास-साठ प्रकरणं असतात आणि न्यायाधीश फाइली आदल्या दिवशीच वाचून आलेले असतात, त्यामुळे आपला वकील उभा राहतो तेव्हा अर्धं मत झालेलं असतं. पुकारा यादीतल्या आयटम नंबरने होतो. वकील दुसऱ्या कोर्टात अडकला असेल तर 'पास ओव्हर' मागतात, म्हणजे यादी संपल्यावर पुन्हा. सुनावणी व्हिडिओवरूनही होते, वकील रत्नागिरीतून जोडला जाऊ शकतो, फक्त वीज आणि नेटची दुसरी सोय हवी. पावसाळ्यात आमच्याकडे दोन्ही एकदमच जातात.

तरी कुणाला जायचंच असेल तर रत्नागिरीहून निजामुद्दीनला जाणाऱ्या थेट गाड्या आहेत. पावसाळी वेळापत्रकात त्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा तारखेच्या आदल्या दिवशी पोचायचा हिशेब धरू नये, दोन दिवस हाताशी ठेवावेत. मेट्रोच्या निळ्या मार्गावर 'सुप्रीम कोर्ट' नावाचंच स्टेशन आहे. आत जायला पास लागतो, तो 'सुस्वागतम' पोर्टलवर आधी काढता येतो. मूळ ओळखपत्र बरोबर हवं. रस्त्याचं नाव टिळक मार्ग, आणि टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, हे गावाकडून आलेल्या प्रत्येकाला दाखवावंसं वाटतं. १९५८ पासून कोर्ट ज्या घुमटाच्या इमारतीत भरतं, तिचा आराखडाही गणेश भिकाजी देवळालीकरांनी केला. कोर्टरूममध्ये मागच्या बाजूला उभं राहायला मिळालं तर मिळालं. बोलणं ऐकू येईलच असं नाही. आपला नंबर आला कधी आणि गेला कधी हे पुष्कळांना कळत नाही.

निकाल एक-दोन ओळींचा असतो. 'फेटाळली' असं असेल तर हायकोर्टाचा निकाल कायम. फेरविचाराला ३० दिवस मिळतात, पण तो न्यायाधीशांच्या दालनात फिरतो, तोंडी युक्तिवाद सहसा नसतो. त्यावर पैसे घालण्याआधी निकालात डोळ्यांना दिसणारी चूक आहे का ते विचारावं. 'नोटीस काढा' असं असेल तर दार उघडलं. पण नोटीस म्हणजे स्थगिती नव्हे. याचिका दाखल झाल्याने हायकोर्टाचा निकाल आपोआप थांबत नाही, त्यासाठी 'जैसे थे'चा वेगळा आदेश लागतो.

आणि तो आदेश मिळाला तरी दिल्लीहून तलाठ्याला कुणी कळवत नाही. आदेश वेबसाइटवर चढला की त्याच दिवशी प्रत काढून तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार या तिघांकडे अर्जासह द्यावी, पोच घ्यावी आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद मागावी. हे आठवडाभर राहिलं की मधल्या काळात हायकोर्टाच्या निकालावरून फेरफार मंजूर होतो. मग तो रद्द करायला पुन्हा प्रांतांपासून सुरुवात.

नोटीस बजावणीत सहा महिने सहज जातात. प्रोसेस फी वेळेत भरावी, आणि कोर्टाकडून 'दस्ती' परवानगी मागून प्रतिवादींना आपणच नोटीस पोचवावी. प्रत्येकाची पोच, आणि घेणाऱ्याचं प्रतिवादीशी नातं, प्रतिज्ञापत्रात जातं. 'घर बंद, मुंबईस' असा शेरा मारून आलेला लिफाफा बजावणी धरत नाहीत. मुंबईचा पत्ता शोधून पुन्हा पाठवावा लागतो.

अनुमती मिळाली की एसएलपीचं दिवाणी अपील होतं, नवा क्रमांक पडतो आणि अंतिम सुनावणीला वर्षं लागू शकतात. या काळात दिल्लीचं काही काम नसतं, गावचं एकच असतं: पक्षकारांपैकी कोण वारलं ते कळवणं. मृत्यूपासून ९० दिवसांत वारस दाखल झाले नाहीत तर त्या व्यक्तीपुरतं अपील आपोआप संपतं. ते उठवायला पुढचे ६० दिवस असतात, त्यानंतर उशिराची माफी. एकत्र हिस्स्याच्या जमिनीत एकाच्या बाबतीत अपील संपलं तर ते सगळ्यांनाच भोवू शकतं, मग तो मयत आपल्या बाजूचा असो वा समोरच्या. म्हणून पक्षकारांची यादी एका वहीत लिहून ठेवायची आणि दरवर्षी गणपतीत, मुंबईकरांसकट सगळी भावकी घरात असते तेव्हा, आरती झाल्यावर नावं वाचायची. गळलेल्या नावापुढे तारीख, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि त्यांचे पिनकोड, तिथल्या तिथे.